वाण्याची यादी कोण करतं?

सबमिशनचा आठवडा होता. मित्राच्या घरी रात्रभर जागून जर्नलं पूर्ण केली आणि सकाळी लालबागला घरी आलो, तर घरात चक्क शोकसभा! बाबा खुर्चीत, आजी पलंगावर, आई ओट्यापाशी, आणि टेबलावर लॅबचा रिपोर्ट. एचबीए-वन-सी 7.4. साडेसहाच्या वर गेलं की मधुमेह, हे मला मोबाईलने दोन मिनिटांत सांगितलं. बाबांचं वय अवघं 51.

संध्याकाळी आत्या आली. चहाचा पहिला घोट घेतला (साखर दोन चमचे!) आणि म्हणाली, "वहिनी, दादाच्या खाण्याकडे तुमचं जरा लक्ष हवं होतं." आई काही बोलली नाही. मग मी माझी अक्कल पाजळली. "आई, तू भाजीत तेल किती घालतेस! आणि रोज भात कशाला? ओट्स करत जा ना."

आईने शांतपणे फ्रिजवरची वही काढली. दर महिन्याला वाण्याकडे जाणारी यादी त्या वहीत असते. ती माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "पुढच्या महिन्याची यादी तू कर. स्वयंपाक मी करीन. बघू तुझं इंजिनिअरिंग."

मित्रांनो, आजवर दिलेल्या सगळ्या व्हायवांमध्ये एवढी भंबेरी कधी उडाली नव्हती. आपण दोन वेळा जेवतो, मधल्या वेळी कँटीनमध्ये चरतो, चवीवरून नाकं मुरडतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहारसल्ले घरच्या ग्रुपवर ढकलतो. पण आपल्या घरात महिन्याला तेल किती लागतं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला तरी येत नव्हतं.

मग मी आपल्याला जे येतं तेच केलं. मोजमाप!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात एका माणसाने दिवसाला साधारण काय खावं याचा हिशेब आहे. 2000 कॅलरींच्या ताटात धान्य 250 ग्रॅमच्या आसपास, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध 300 मिली आणि तेल-तूप साधारण 27 ग्रॅम. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम. वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आम्ही घरात पाच माणसं: आजी, आई, बाबा, ताई आणि मी. पाच गुणिले तीस, म्हणजे महिन्याचे 150 'माणूस-दिवस'. आता गुणाकार तेवढा करायचा.

तेलापासून सुरुवात केली. 27 गुणिले 150 म्हणजे जेमतेम 4 किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. आमच्या यादीत पाच लिटरचा डबा आणि वर एकेक लिटरच्या दोन पिशव्या. एकूण सात लिटर! माणशी दिवसाला 42 ग्रॅम. जादाचे 15 ग्रॅम, म्हणजे सुमारे 135 कॅलरी, रोज, प्रत्येकाच्या पोटात. तूप आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. साखर पावणेचार किलो हवी होती, यादीत पाच किलो. शिवाय बिस्किटं, जॅम आणि ताईचं शीतपेय वेगळं. मीठ 750 ग्रॅम पुरायला हवं, आणतो एक किलो. त्यात लोणचं, पापड आणि फरसाणातलं मीठ नाही. तांदूळ आणि गहू मिळून हिशेबाच्या आसपास होते, पण पाव, रवा, पोहे, साबुदाणा मिळवल्यावर तेही वर गेले.

पण खरा धक्का दुसऱ्या बाजूला होता. डाळी आणि कडधान्यं 12 किलोच्या वर हवीत. आमच्या यादीत साडेचार किलो! आम्ही अंडी-मासे खातो, तेव्हा काही भरपाई होते हे खरं. पण आठवड्यातून किती वेळा? आणि भाजी? पाच जणांना रोज दोन किलो हवी. आमच्याकडे दिवसाला किलोभर येत होती, तीही बटाटे धरून.

थोडक्यात, आमच्या घरात 'चुकीचं' असं फार काही नव्हतं. बाबा पिझ्झा-बर्गर खात नाहीत, दारूला शिवत नाहीत. वरण, भात, भाजी, पोळी, साधं मराठी जेवण. फक्त त्याची मापं बिघडली होती, आणि हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताटाकडे बघून ते कळत नाही. ते महिन्याच्या यादीत कळतं.

मापं बिघडली कधी, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. पलंगावर आजी बसलेलीच होती.

आजोबा इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. त्या काळी लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-पंधरा जण दाटीने राहायचे. बायकामुलं गावाला. जेवायचे खानावळीत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. शेजारच्या खोलीतली एखादी बाई दहा-बारा जणांचं महिन्याच्या बोलीवर जेवण करायची. माझी आजी तशीच एक खानावळवाली. अशा बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, हे आपल्यापैकी काही जणांना ठाऊक असेल.

आजीला विचारलं, तू काय वाढायचीस? म्हणाली, "भाकरी, आमटी, एक भाजी, भात. कधी सुकट, कधी जवळा. रविवारी मटण." आणि तेल? आजी हसली. "तेल कुठलं रे! तेव्हा तेल रेशनवर मिळायचं. फोडणीला चमचा मोजून. जास्त घातलं तर महिनाअखेरीला हिशेब तोंडावर यायचा." कोण किती दिवस जेवला, कुणाचे किती खाडे, डाळ किती शिजवली, सगळं तिच्या डोक्यात! चौथी शिकलेली माझी आजी रोजच्या रोज मटेरियल बॅलन्स करत होती. पोषणासाठी नव्हे, पोट भरायचं आणि पैसे वाचवायचे म्हणून. पण माप होतं.

आणि जेवणारे कोण? आठ तास साच्यापाशी उभं राहून काम करणारी माणसं. तिथून चाळीत चालत यायचं, तीन मजले चढायचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या आकड्यांनुसार 65 किलो वजनाच्या, अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 3470 कॅलरी लागतात. बैठं काम करणाऱ्याला 2110. फरक 1360 कॅलरींचा! म्हणजे एक माणूस तीच थाळी खाऊन काटक राहतो आणि दुसऱ्याचं पोट सुटतं, यात थाळीचा दोष काय?

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. बरेचसे परत कामावर आलेच नाहीत. खानावळीचे जेवणारे एकेक करून गावी गेले, आजीची खानावळ बंद पडली. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आले, काचेचे टॉवर आले. आज माझे बाबा लोअर परळला अशाच एका गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या ऑफिसात दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून हिशेब तपासतात. आमची चाळही गेली, तिथे इमारत झाली. चौदाव्या मजल्यावर लिफ्टने जातो. गिरणी गेली, चाळ गेली, जिना गेला. राहिलं काय, तर कामगाराचं भाताचं ताट! आणि परिस्थिती सुधारल्यावर त्यावर तेलाची धार वाढली. का नाही वाढणार? ज्यांनी चमचा मोजून तेल खाल्लं, त्यांच्या मुलांना सढळ हाताने वाढणं म्हणजेच सुख वाटलं. आजी स्वतः कबूल करते, "पोराला कमी पडू नये म्हणून मीच हात सैल सोडला."

म्हणून "आपले बापजादे हेच खायचे, त्यांना कुठे डायबेटिस होता?" हे वाक्य ऐकलं की मला आता विचारावंसं वाटतं, बापजादे खाऊन झाल्यावर काय करायचे, तेही सांगा ना! आपला लाडका वडापावच घ्या. अशोक वैद्य यांनी 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर तो सुरू केला, असं सांगितलं जातं. पाळीवर जाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, स्वस्तात, हातात धरून खाता येईल असं ते खाणं. आपण मात्र तो दोन लेक्चर्सच्या मध्ये, बसून, वर कटिंग मारत खातो. वडापाव तोच आहे, खाणारा बदलला.

आता दुसऱ्या टोकाची गंमत. 'हेल्दी' खायचं ठरवलं की आपली धाव थेट मॉलकडे. ओट्स, किन्वा, अ‍ॅव्होकॅडो. त्यांच्याशी माझं वैर नाही. पण लालबागच्या बाजारात, चिवडा गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, नाचणी मिळते, कुळीथ मिळतात, मटकी, चवळी, वाल सगळं मिळतं. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मात्र इथेही डोळे झाकून भक्ती नको. नाचणी हेही धान्यच आहे. पोळ्या कमी न करता वर दोन भाकऱ्या चापल्या तर उपयोग शून्य.

आणि पाकिटावरच्या शब्दांना तर मुळीच भुलू नका. पाकिटामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हा आपल्या देशातला नियम आहे. सगळ्यात जास्त ते पहिलं. आमच्याकडे 'मल्टिग्रेन' म्हणून आणलेल्या बिस्किटात पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि ती अनेक धान्यं कुठेतरी शेपटाला! चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा, एवढं पाठ ठेवलं तरी दुकानात उभं राहून हिशेब होतो. एप्रिल 2024 मध्ये तर केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं, कारण तसा वर्ग अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच. लहानपणी आपण सगळे 'ताकद येते' म्हणून काय काय प्यायलो, आठवून बघा.

पण हे सगळं वाचून तुम्ही आज घरी जाऊन आईला आणखी एक व्याख्यान देणार असाल, तर कृपा करून देऊ नका. या लेखाचा मुद्दा तो नाहीच.

माझी यादी तयार झाली. तेल साडेचार लिटर, साखर तीन किलो, कडधान्यं दुप्पट. मोठ्या ऐटीत आईला दाखवली. आईने वाचली आणि विचारलं, "मटकी भिजवणार कोण? उपसून फडक्यात बांधणार कोण? रोजची दोन किलो भाजी आणणार कोण, निवडणार कोण?" मी गप्प.

आई सकाळी साडेपाचला उठते. पाच डबे करते, करी रोडवरून गाडी पकडते, दिवसभर फोर्टातल्या ऑफिसात काम करते आणि सातला परत येऊन पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. बटाट्याची भाजी पंधरा मिनिटांत होते. माठ किंवा मेथीची जुडी निवडायलाच तेवढा वेळ जातो. तेल जास्त घातलं की भाजी पटकन परतून होते, करपत नाही, आणि डब्यातही बरी लागते. आमच्या जेवणात भाज्या कमी आणि तेल जास्त का होतं, याचं उत्तर आईच्या अज्ञानात नव्हतं. आईच्या घड्याळात होतं! घरच्या आरोग्यदायी जेवणाला लागणारा सगळ्यात महाग जिन्नस म्हणजे वेळ, आणि तो आम्ही चौघं मिळून एकाच माणसाकडून फुकट घेत होतो. वर आत्याचा टोमणा, आणि माझं ओट्सचं व्याख्यान!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. कुटुंबाने काय खायचं हा निर्णय एकट्या आईचा नसतो, तेव्हा त्याचं काम आणि त्याचा दोषही एकट्या आईचा असू शकत नाही. 'आईच्या हातची चव' म्हणून आपण जे कौतुक करतो ना, त्यात बरेचदा आपला आळस लपलेला असतो.

आमच्याकडे मग कामं वाटली गेली. रविवारी सकाळी मी आणि बाबा दोन पिशव्या घेऊन दादर पश्चिमेच्या बाजारात जातो, चालत. येताना पिशव्या जड असतात म्हणून बस. (पहिल्या रविवारी मी मेथी समजून शेपू आणला होता. आजीने अख्ख्या मजल्याला सांगितलं.) भाजी निवडणं टीव्हीसमोर, सगळ्यांनी. कडधान्य भिजवायचं काम माझं. रात्री झोपायच्या आधी मोबाईलचा अलार्म लावलाय, 'मटकी' असं लिहून! फोडणीला पुन्हा चमचा आला, त्यावर देखरेख आजीची. डबा महिन्याचा, संपला की संपला, मध्ये पिशवी आणायची नाही. मासे तळण्याऐवजी बहुतेक वेळा कालवण. बांगडा कालवणात काही वाईट लागत नाही, सुरमईच्या तुकडीची सवय तेवढी सुटायला हवी. ऑफिसात चार वेळा येणारा बाबांचा चहा आता बिनसाखरेचा. कपाला दोन चमचे धरले तर दिवसाचे आठ चमचे, म्हणजे 32 ग्रॅम साखर नुसत्या चहातून जात होती. ताटात भात निम्मा झाला, त्या जागी उसळ आली.

सगळं सुरळीत झालं का? छे! गणपतीत सगळं कोलमडलं. लालबागमध्ये राहायचं आणि त्या दिवसांत पाहुणे मोजायचे? साखर सहा किलो लागली. बाबा पहिला महिनाभर जेवणाच्या ताटावरून चिडचिड करत होते, "मी काय आजारी माणूस आहे का?" कडधान्यं अजून 12 किलोच्या जवळपासही नाहीत, आठवर आहेत. कडधान्यं आणि भाजीवरचा खर्च वाढला, तेल, साखर, बिस्किटांवरचा कमी झाला. हिशेब जवळजवळ जुळतो, पण पूर्ण नाही, हेही खरं सांगतो. ज्या घरात महिन्याची यादीच होत नाही, रोजचं रोज आणून खातात, तिथे माझा हा तक्ता घेऊन जायची मला लाज वाटेल.

सहा महिन्यांनी बाबांचा रिपोर्ट 6.7 आला. त्यात डॉक्टरांच्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे. त्या चालूच आहेत, आणि आहार सुधारला म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत. पण रिपोर्टपेक्षा मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच. परवा आत्या पुन्हा आली. उसळ चाखून म्हणाली, "वहिनी, मटकीला मोड छान आलेत हो." आई म्हणाली, "त्याने आणलेत," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सेमिस्टरला डिस्टिंक्शन मिळालं तेव्हाही आईने इतक्या अभिमानाने सांगितलं नव्हतं, शप्पथ!

आपल्या परळला देशभरातून माणसं उपचारासाठी येतात. 1926 चं केईएम, 1941 चं टाटा. त्यांच्या फाटकांबाहेर फुटपाथवर बसलेले नातेवाईक आपण कॉलेजला जाता-येता बघतो आणि पुढे जातो. प्रत्येक आजार टाळता येत नाही, हे मान्य. पण जो थोडाफार लांबवता येतो, त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातच होते, आणि तिथे आपण पाहुण्यासारखे वागतो.

तेव्हा एकच सांगणं. या महिन्याची यादी तुम्ही करा. वही घ्या, घरातली माणसं गुणिले तीस करा, तेल-साखर-मीठ-डाळ यांचे चार आकडे काढा. कॅल्क्युलेटर तर खिशात आहेच. आणि आकडे काढून झाले की वही आईच्या हातात देऊ नका. पिशवी घ्या आणि खाली उतरा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)